उपकारस्तुती म्हणजे नेमकं काय करायचं?

कोणत्याही प्रार्थनासभेत नीट कान देऊन बसा. "हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो, तू आम्हांला सुखरूप राखलंस म्हणून आभार मानतो" इथवर एका दमात होतं आणि मग खऱ्या अर्थानं प्रार्थना सुरू होते. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाची नोकरी, कुणाच्या मुलांची परीक्षा. विनंत्या लांबलचक, तपशीलवार, नावानिशी. आभार मात्र ठोक भावात. मागताना रुग्णाचं नाव, आजार, शस्त्रक्रियेची तारीख सगळं तोंडपाठ असतं; आभार मानताना "तुझ्या सर्व आशीर्वादांबद्दल" एवढ्यावर अख्खं वर्ष उरकतं.

याचा अर्थ माणसं कृतघ्न असतात असं मला वाटत नाही. मागायला कुणी शिकवावं लागत नाही, उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, मात्र शिकावं लागतं. आणि ती शिकवताना बहुतेकदा "नेहमी कृतज्ञ असा" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. कृतज्ञ असायचं म्हणजे काय करायचं? मन भरून यायला हवं का? नाही आलं तर ते ढोंग ठरतं का? घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असताना आभार नेमके कशाचे मानायचे? या प्रश्नांना बायबलमध्ये उत्तरं आहेत. भिंतीवर लावायच्या एका वचनात ती मावत नाहीत, म्हणून जरा सविस्तर पाहू.

फेडण्याचा हिशेब

देवानं आपल्यावर उपकार केले, आता चांगलं वागून, दान देऊन, उपासना न चुकवता ते फेडायचे, असा एक हिशेब पुष्कळ भाविकांच्या मनात नकळत चाललेला असतो. बायबलमधल्या ११६व्या स्तोत्राचा कवी नेमकं हेच विचारतो: परमेश्वरानं माझ्यावर एवढे उपकार केले, मी त्याचा उतराई कसा होऊ? वाचणाऱ्याला वाटतं, आता हा काहीतरी देऊ करणार. पण पुढच्याच ओळीत तो म्हणतो की मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. उतराई व्हायला निघालेला माणूस आधी आणखी घेतो आणि पुन्हा हाक मारतो! नवस फेडणं, उपकारस्तुतीचा यज्ञ करणं हे सगळं त्या स्तोत्रात आहे, पण नंतर.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाला, पत्रात विचारलेला प्रश्न याच मुळाशी जातो. ती माणसं आपापल्या पुढाऱ्यांवरून एकमेकांपुढे मिरवत होती. पौल म्हणाला, तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही? आणि मिळालेलंच आहे, तर मिळालं नसल्यासारखा तोरा कशाला? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला देवाच्या कृपेवरून मोठा वाद पेटला, तेव्हा ऑगस्टिन हा ख्रिस्ती विचारवंत या वचनाकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. श्वास, बुद्धी, कष्ट करण्याची ताकद, इतकंच काय, विश्वाससुद्धा देणगी असेल, तर फेडण्यासाठी जे काही हाती घ्यावं तेही देणाऱ्याचंच निघतं. म्हणून उपकारस्तुती ही हप्ता भरल्याची नव्हे, माल मिळाल्याची पोचपावती आहे. मिळालं, तुझ्याकडून मिळालं, माझ्या हातात आलं.

हा क्रम सर्वांत स्वच्छ कुणी मांडला असेल, तर १५६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात तयार झालेल्या प्रश्नोत्तरावलीनं. तिच्यात १२९ प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन भाग: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि मग कृतज्ञता. आता दहा आज्ञांचं विवरण यांपैकी कुठल्या भागात असेल? आपण सहज म्हणू, पहिल्या. आज्ञा मोडल्या म्हणून तर दुर्दशा. पण ते विवरण आहे तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली. प्रभूच्या प्रार्थनेचं विवरणही तिथंच. ख्रिस्ती माणसानं प्रार्थना का करावी, या प्रश्नाला तिथं दिलेलं उत्तर असं की देव आपल्याकडून जी कृतज्ञता अपेक्षितो तिचा प्रार्थना हा प्रमुख भाग आहे. आधी सुटका, मग आज्ञापालन. हा क्रम उलटा झाला की विश्वासाची जागा धाक घेतो, आणि धाकानं मानलेल्या आभारांना खंडणीचा वास येतो.

वळलेला एक आणि न वळलेले नऊ

लूकच्या शुभवर्तमानातल्या १७व्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलेली असते की तिच्यातले बारकावे निसटतात. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून येशू जातो आहे. दहा जण लांब उभे राहून ओरडतात. येशू त्यांना हात लावत नाही, तिथल्या तिथं बरंही करत नाही. जाऊन याजकांना दाखवा, एवढंच सांगतो. दहाही जण निघतात. अंगावर रोग तसाच असताना निघतात, म्हणजे विश्वास दहाही जणांपाशी होता. वाटेत दहाही शुद्ध होतात.

न परतलेल्या नऊ जणांना आपण सरसकट नालायक ठरवतो. जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे कुष्ठरोगातून शुद्ध झालेल्या माणसाला याजकाकडून तपासून घ्यावं लागे. दोन पक्ष्यांचा विधी, अंगावरचे सगळे केस काढणं, कपडे धुणं, सात दिवस तंबूबाहेर राहणं आणि आठव्या दिवशी अर्पण. हे पार पडल्याखेरीज घरात पाऊल नाही. बायकोमुलांना जवळ घेऊन कितीतरी दिवस लोटलेले. शिवाय ते येशूनं सांगितलेलंच करत होते. चूक काढायची म्हटलं तर सापडत नाही.

दहावा मात्र वळला. आणि लूक काय लिहितो ते पाहा: तो माघारी आला, मोठ्यानं देवाचा महिमा वर्णू लागला, येशूच्या पायांशी पालथा पडला, आभार मानू लागला. त्याला काय वाटलं याविषयी एक अक्षर नाही. पाय वळले, आवाज निघाला, शरीर जमिनीला टेकलं. मला हा या गोष्टीतला सर्वांत उपयोगी तपशील वाटतो. "मला आतून काही वाटत नाही, मग आभार कसे मानू" असं म्हणणाऱ्याला तो उत्तर देतो. उपकारस्तुती ही आधी कृती असते. भावना सोबत आली तर उत्तम, मागून आली तरी चालते, एखाद्या दिवशी आलीच नाही म्हणून कृती खोटी होत नाही. आपण आजारी माणसाच्या उशाशी बसतो ते दर वेळी प्रेम उचंबळून आलेलं असतं म्हणून थोडंच!

"बाकीचे नऊ कुठे आहेत?" असं येशू विचारतो. त्या प्रश्नात खंत आहे. पण नऊ जणांचा रोग परत आला असं लूक कुठेही म्हणत नाही. आभार मानले नाहीत म्हणून दिलेलं काढून घेतलं गेलं नाही. अनेक घरांत मुलांना अगदी उलटं शिकवलं जातं, की आभार मानले नाहीत तर देव देणं बंद करील. नऊ जणांना आरोग्य मिळालं आणि ते त्यांच्यापाशी राहिलं. दहाव्याला आरोग्याबरोबर देणाराही भेटला, आणि "तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे" हे शब्द त्याच्याच वाट्याला आले. तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका आणि विटाळलेला, हेही लूक मुद्दाम सांगतो.

आभारांची एक वाईट प्रार्थना

बायबलमध्ये येशूनं नापसंत केलेली एक प्रार्थना आहे आणि तिची सुरुवात आभारांनी होते. "हे देवा, मी तुझे आभार मानतो की इतर माणसांसारखा मी नाही." लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी. लबाड नाही, अन्यायी नाही, व्यभिचारी नाही, आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश देवाला. यातलं काही तो खोटं बोलत नव्हता. मग बिघडलं कुठं? त्याच्या आभारांना शेजारच्या जकातदाराची गरज पडली. तो खाली असल्याशिवाय याला आपण वर असल्याचं समाधान मिळेना.

हा परूशी आपल्या साक्षींमध्ये, म्हणजे सभेत उभं राहून सांगितलेल्या अनुभवांमध्ये, सर्रास बोलतो. "आपल्यापेक्षा वाईट दशेत किती जण आहेत ते बघ आणि देवाचे आभार मान" हे आपण मुलांना, रडणाऱ्या मैत्रिणीला, स्वतःला चांगल्या हेतूनं सांगतो. पण त्यातून जे निघतं ते हायसं वाटणं असतं. दुसऱ्याच्या फुटक्या नशिबावर माझी उपकारस्तुती उभी राहणार असेल, तर तो दुसरा ती ऐकत असताना मी ती मोठ्यानं म्हणू शकेन का? ही कसोटी मला बरी वाटते. सभेत उभं राहून "प्रभूनं आमचं बाळ वाचवलं" असं सांगताना मागच्या बाकावर ज्यांचं बाळ वाचलं नाही ते आईवडील बसलेले असू शकतात. साक्ष द्यायचीच नाही असं नव्हे. फक्त "आम्ही विश्वास ठेवला म्हणून" ही जोड द्यायची नाही.

सर्व स्थितीत की सर्व गोष्टींबद्दल?

आता खरा अवघड भाग. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र सर्वकाळ, सर्व गोष्टींबद्दल, असं आहे. पहिलं पेलवतं. दुसरं वाचताना घास अडकतो. कर्करोगाबद्दलही? अत्याचाराबद्दलही?

यावर ख्रिस्ती परंपरेत एकच एक उत्तर नाही. कॉन्स्टॅन्टिनोपलचा आर्चबिशप योहान ख्रिसोस्तोम याला सम्राटाच्या दरबाराशी वाकडं आल्यामुळे हद्दपार केलं गेलं. आजारी अवस्थेत सक्तीनं चालवत नेलं जात असताना ४०७ साली वाटेत त्याचा मृत्यू झाला. त्याचे अखेरचे शब्द म्हणून जे सांगितले जातात ते असे: सर्व गोष्टींसाठी देवाला गौरव असो. हे त्यानं स्वतःच्या यातनांविषयी म्हटलं, आणि ते म्हणण्याचा अधिकार त्याचाच होता. तेच शब्द मी दुसऱ्याच्या यातनांविषयी उच्चारले तर तो निर्दयपणा होईल. माझ्या मते निम्मा गोंधळ इथंच मिटतो.

उरलेला निम्मा मिटतो येशूचा मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी. योहानच्या ११व्या अध्यायात ३५व्या वचनात येशू रडला आणि ४१व्या वचनात त्यानं पित्याचे आभार मानले. मध्ये जेमतेम पाचसहा वचनं. आभार मानायचे म्हणून त्यानं आधी डोळे कोरडे केले नाहीत, आणि आभार मरणाचे मानले नाहीत; "तू माझं ऐकलंस" म्हणून मानले. मरणाला तर पौल शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूबद्दल आभार मानण्याची सक्ती कुणावर नाही. शत्रू दारात उभा असतानाही देव सोडून गेलेला नाही, याबद्दल आभार मानता येतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात आहे. पौल कैदी म्हणून रोमला चाललेला. गलबत वादळात सापडलेलं. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. त्या काळी त्यांच्याच आधारानं दिशा कळे, म्हणजे आपण कुठं आहोत याचाही पत्ता नाही. सामान समुद्रात फेकून झालं, गलबताची अवजारंही फेकली. चौदावी रात्र. कुणी धड जेवलेलं नाही. पहाट व्हायच्या सुमाराला पौल सगळ्यांना म्हणतो, काहीतरी खा, जगण्यासाठी त्याची गरज आहे. मग तो भाकर हातात घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. त्यानंतर बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. लूक (हे पुस्तकही त्याचंच) डोकी मोजून आकडा देतो: २७६.

पौलाला त्याआधी देवदूताकडून आश्वासन मिळालं होतं की जीवितहानी होणार नाही. तेव्हा हा नुसता बेडरपणा नव्हता. पण गलबत अजून हेलकावे खात होतं आणि थोड्या वेळानं ते फुटलंच. पौलानं वादळाबद्दल आभार मानले नाहीत. "हे वादळ आमच्या भल्यासाठीच" असं प्रवचनही झोडलं नाही. हातात भाकर होती, भाकरीबद्दल मानले. संकटात आभार कशाचे मानायचे याचं इतकं साधं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही: त्या घटकेला हातात जे खरोखर आहे त्याचे.

आणि ज्याच्या हातात काहीच उरलं नाही त्याचं काय? त्याच्यासाठी ८८वं स्तोत्र आहे. त्यात उपकारस्तुतीचा एक शब्द नाही आणि त्याचा शेवट अंधारात होतो. तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. कुणी ते गाळलं नाही, शेवटी एखादी गोड ओळ चिकटवली नाही. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेला ईयोब "परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं" असं म्हणाला हे आपण सगळ्यांना ऐकवतो. दोनच अध्याय पुढे त्यानं स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला हे मात्र गिळून टाकतो. त्याचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. शोकात असलेल्या घरी जाऊन "प्रभूचे आभार माना" असं सांगणाऱ्यांनी निदान तेवढे सात दिवस तरी थांबावं.

रोजच्या रोज

सवयीचं सगळ्यात जुनं ठिकाण म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना. येशू ज्या घरात वाढला तिथंही अन्नावर धन्यवाद म्हणण्याची रीत होतीच. पाच हजारांच्या गर्दीपुढे पाच भाकरी आणि दोन मासे आले, तेव्हा "इतक्यांना ते कसं पुरणार" असं अंद्रियानं बोलूनही दाखवलं होतं. येशूनं आभार मानले ते त्या अपुऱ्या पाच भाकरींबद्दल, वाढण्याआधी. बारा टोपल्या नंतर भरल्या. पुरेसं झालं की मग बघू, असं आपण पगारापासून प्रकृतीपर्यंत सगळ्याच बाबतीत म्हणतो.

'डिडाखे' नावाचं अगदी आरंभीच्या ख्रिस्ती काळातलं एक छोटं पुस्तक आहे. शतकानुशतकं ते हरवल्यात जमा होतं. १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये त्याचं हस्तलिखित सापडलं. त्यात प्याल्यावर आणि भाकरीवर म्हणायच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थना आहेत. माणसांना आनंद मिळावा म्हणून तू अन्नपाणी दिलंस, असा त्यांचा एक सूर आहे. नुसतं पोट भरावं म्हणून नव्हे, आनंद मिळावा म्हणून. हे मला फार आवडतं. जेवणाआधीची प्रार्थना यंत्रवत झाली असेल तर ती बंद करू नका, तिच्यात एक नवी गोष्ट नावानं घाला. आज हे कुणी रांधलं तिचं नाव. ताटात जे आहे त्यातलं एक. बस्स.

दुसरं ठिकाण रात्रीचं. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाअखेरीस स्वतःची तपासणी करण्याची पाच पायऱ्यांची पद्धत घालून दिली. पापांचा विचार करायला बसलेला माणूस आधी पापं मोजेल असं आपल्याला वाटतं. त्यांनी पहिली पायरी ठेवली ती देवाकडून मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानण्याची. मग चुका ओळखण्यासाठी प्रकाश मागायचा, मग एकेक तास आठवत मागे जायचं, मग क्षमा, मग सुधारण्याचा निश्चय. हा क्रम मानसिकदृष्ट्याही शहाणपणाचा आहे. ज्याला आपल्यावर कुणाचं तरी प्रेम आहे हे आधी आठवलेलं असतं, तो आपली चूक न लपवता पाहू शकतो.

करून बघायचं तर असं. दिवा मालवल्यावर सकाळपासून सुरुवात करा. उठलो तेव्हा गुडघा दुखत नव्हता. आईला औषध देताना आज तिनं मला माझ्या नावानं हाक मारली, काल ओळखलं नव्हतं. ऑफिसात ती चूक साहेबांच्या नजरेत येण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या माणसानं गुपचूप दाखवून दिली. दुपारी काही नाही, नुसती डोकेदुखी. संध्याकाळी मुलगा कशावर तरी पोट धरून हसला. इतकं बारीक आठवायला दोनचार मिनिटं पुरतात, आणि "सर्व आशीर्वादांबद्दल" या ठोक वाक्यापेक्षा हे कितीतरी खरं असतं. दुपारची डोकेदुखी यादीत तशीच राहू द्या. तिला ओढूनताणून आशीर्वाद बनवायची गरज नाही.

यादी करण्याचा फायदा मानसशास्त्रज्ञांनीही तपासला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी, काहींना नुसत्या घडामोडी. पहिला गट एकूण आयुष्याकडे अधिक समाधानानं पाहताना दिसला. छान आहे, पण ख्रिस्ती उपकारस्तुती बरं वाटावं म्हणून करायचा व्यायाम नव्हे. वहीत लिहिलेल्या ओळीला पत्ता लागतो, ती कुणाला तरी उद्देशून असते. बरं वाटलं तर तेही देणगीतच जमा.

कधी कधी मात्र यादीच आटते. नोकरी नाही, तब्येत नाही, घरात धुसफूस. अशा वेळी मला १६६२च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातली सर्वसाधारण उपकारस्तुतीची प्रार्थना आठवते. ती एडवर्ड रेनॉल्ड्स या बिशपनं रचल्याचं मानलं जातं. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. आम्हांला निर्माण केलंस, सांभाळलंस, या आयुष्यातले सगळे आशीर्वाद दिलेस. पण सर्वांहून अधिक, ख्रिस्ताद्वारे जगाचं तारण केलंस, कृपेची साधनं दिलीस, गौरवाची आशा दिलीस. आपल्या याद्या बहुधा तिसऱ्याच पायरीवर थांबतात: घर, नोकरी, मुलं. ती पायरी कोसळली की उपकारस्तुतीही कोसळते. रेनॉल्ड्सची प्रार्थना तिथं थांबत नाही. नोकरी गेल्यावरही प्रभुभोजनाचं मेज मांडलेलंच असतं, आणि त्या मेजाची सुरुवात कशी झाली ते पौल सांगतो: ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्या रात्री येशूनं भाकर घेतली आणि आभार मानले.

माणसांचे आभार

एक गोष्ट भाविक मंडळींना लागेल, पण बोलायला हवी. रात्रभर जागलेल्या नर्ससमोर "सगळं प्रभूनंच केलं" म्हणायचं आणि तिच्याकडे वळूनही बघायचं नाही, असे लोक असतात. यात देवाचा मान वाढतो अशी त्यांची समजूत असते. पौलाला तसं वाटत नसावं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय तो नावांनी भरून टाकतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, त्यांचे मी आभार मानतो, आणि एकटा मीच नव्हे तर परराष्ट्रीयांच्या सगळ्या मंडळ्याही मानतात, असं तो लिहून ठेवतो. देवाकडून आलेलं दान बहुधा कुणाच्या तरी हातून येतं. त्या हाताला विसरून वर बघणं ही अर्धवट पोच झाली.

मंडळीबद्दलही तेच. उपासना संपवून घरी येता येता आपण पाळकांचं प्रवचन, गाणाऱ्यांचा सूर आणि कमिटीचा कारभार, सगळ्याची सालं काढतो. डीट्रिश बॉनहॉफर हे जर्मन पाळक नाझी राजवटीत फिन्केनवाल्डे इथं तरुण पाळकांना शिकवत होते. १९३७ साली गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद पाडली. पाळकानं आपल्या मंडळीबद्दल तक्रार करू नये, माणसांकडे तर नाहीच, देवाकडेही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानसहान गोष्टींसाठी आभार न मानणाऱ्याच्या हाती देवानं मोठ्या गोष्टी कशा सोपवाव्यात, असा त्यांचा प्रश्न. मला "देवाकडेही नाही" हे जरा जास्त वाटतं. स्तोत्रकर्ते देवाकडे कशाकशाची तक्रार करतात! पण रोख बरोबर आहे. करिंथच्या मंडळीत गट पडले होते, भावाभावांचे खटले कोर्टात चालले होते, प्रभुभोजनाला कुणी उपाशी तर कुणी झिंगलेला. तिला खरमरीत पत्र लिहिताना पौल आरंभीच म्हणतो, तुमच्याविषयी मी सतत देवाचे आभार मानतो. खरडपट्टी त्यानंतर.

मोशेच्या नियमशास्त्रात उपकारस्तुतीसाठी केलेल्या शांत्यर्पणाला एक विचित्र अट होती. त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. अख्खा पशू एका कुटुंबानं एका दिवसात संपवायचा म्हटलं तर माणसं बोलवावीच लागणार. साठवून ठेवता येणार नाही अशीच ती उपकारस्तुती घडवलेली दिसते. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्यानंही आपल्या पूर्वजांची कहाणी मोठ्यानं सांगायची आणि मग लेवी व परदेशी यांच्यासोबत आनंद करायचा. इब्री लोकांस पत्र लिहिणारा हाच धागा पकडतो: ओठांचं स्तुतीचं अर्पण करा, असं सांगून लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो, चांगलं करायला आणि दान करायला विसरू नका, देवाला अशी अर्पणं आवडतात.

शेवटी, ज्यांना स्वतःच्या शब्दांत काही म्हणताच येत नाही त्यांच्याविषयी. दीर्घ आजार, नैराश्य, नुकताच झालेला मृत्यू. अशा काळात आभार सुचत नाहीत, आणि ते पाप नाही. त्यासाठी उसने शब्द असतात. १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच: "त्याची दया सनातन आहे." आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, रान, राजांचे पराभव असं करत करत ते २५व्या वचनात सर्व प्राण्यांच्या अन्नापाशी येतं. बहुतेक ठिकाणी ते एकानं पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, असं वाचलं जातं. पुढची ओळ म्हणायचं काम ज्याला जमतं त्याच्याकडे सोपवा. तुम्ही बाकावर बसून ध्रुपद तेवढं म्हणा, आणि तेही जमलं नाही तर त्या दिवशी शेजारच्याला म्हणू द्या.